तेलाच्या डब्यावरील अक्षरे कोण वाचणार?

नगर जिल्ह्यातील दूध उत्पादकाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या दोन आकड्यांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. संगमनेर, राहाता वा अकोल्याच्या कोणत्याही संकलन केंद्रावर सकाळी उभे राहिले, तर यंत्रावर उमटणाऱ्या आकड्यांकडे त्याची नजर कशी खिळलेली असते हे सहज दिसते. त्या आकड्यांतील दशांशाचा फरक त्याच्या महिन्याच्या हिशेबात उतरतो, हे त्याला अनुभवाने कळलेले आहे. साखरेच्या बाबतीतही तेच. एम-३० आणि एस-३० या संज्ञा व्यापाऱ्यापुरत्याच मर्यादित राहिलेल्या नाहीत. कारखान्याचा सामान्य सभासदही पोत्यावरील अक्षरावरून दाण्याचा आकार आणि आकड्यावरून रंगाची प्रत ओळखतो. १९५० साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेव्हापासून या जिल्ह्याने प्रतवारी, वजनकाटा आणि उतारा यांच्या भाषेचे चांगलेच शिक्षण घेतले आहे.

परंतु हाच जिल्हा मोटारसायकलचे तेल बदलावयास गॅरेजच्या दारात उभा राहिला, की एकाएकी निरक्षर होतो. डब्यावर ‘२०डब्ल्यू-४०’, ‘एपीआय एसएल’, ‘जासो एमए-२’ अशी अक्षरे आणि आकडे छापलेले असतात. ते न वाचताच ‘जरा चांगल्यातलं टाका’ एवढीच सूचना मिस्त्रीला दिली जाते. चांगल्यातले म्हणजे महागातले, आणि महागातले म्हणजे सिंथेटिक, असे समीकरण अलीकडे रूढ झाले आहे. ज्याला महाग परवडत नाही, तो सुटे किंवा बिननावाचे तेल घालून वेळ मारून नेतो. दोघांचेही नुकसान होण्याचा संभव आहे. एकाचे पैसे विनाकारण जातात, दुसऱ्याचे इंजिन जाते.

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तथापि खेड्यावरील शाळेत रोज मोटारसायकलने जाणारा शिक्षक, तालुक्याच्या कचेरीत कामास येणारा लिपिक, आणि पाथर्डी वा जामखेडकडून शिक्षणासाठी नगरला ये-जा करणारा विद्यार्थी यांच्या दृष्टीने दुचाकी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. ती बहुधा हप्त्यांवर घेतलेली, कुटुंबाची एक मोठी भांडवली मालमत्ता असते. तिचे आयुष्य ज्या वस्तूवर अवलंबून आहे, त्या वस्तूची पारख ग्राहकाला करता येत नसेल, तर तो विषय गॅरेजच्या चार भिंतींतून बाहेर काढून त्याची सार्वजनिक चर्चा होणे अगत्याचे ठरते.

लूनापासून आजपर्यंत

नगरचा आणि स्वयंचलित वाहनांचा संबंध जुना आहे. १९७२ साली येथील कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लूना’ बाजारात आणली आणि सायकलीवरील मध्यमवर्गाला इंजिनाची ओळख करून दिली. लूनाचे इंजिन टू-स्ट्रोक होते, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे. पंपावर मापाने ‘टू-टी’ तेल ओतून घेण्याची ती पद्धत जुन्या पिढीच्या स्मरणात असेल. मापात तेल अधिक पडले तर धूर होई, कमी पडले तर सिलिंडर पकडे. तेल कोणते, याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नसे.

त्या बेफिकिरीची किंमत शहरांच्या हवेने मोजली. दिल्लीतील प्रदूषणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली पेट्रोल पंपांवर आधीच मिसळलेले तेल देणारी यंत्रे बसविण्याचा आदेश दिला आणि १ एप्रिल १९९९ पासून कमी धूर करणारे टू-टी तेल सक्तीचे झाले. तेलाची प्रत हा केवळ वाहनमालकाचा खाजगी प्रश्न नसून त्यात समाजाचाही वाटा आहे, हे त्या वेळी प्रथमच ठळकपणे मान्य झाले. पुढे चार-स्ट्रोक इंजिने आली, टू-टी तेलाचे महत्त्व ओसरले आणि प्रश्नाचे रूप पालटले. आता तेल जळून जात नाही. ते इंजिनाच्या पोटात राहते आणि हजारो किलोमीटर काम करते. साहजिकच त्याच्या गुणावगुणांचा परिणाम चटकन डोळ्यांना दिसत नाही. इंजिन बिघडते ते वर्षा-दोन वर्षांनी, आणि तोवर दोष कोणाचा हे सिद्ध करण्याची सोय उरलेली नसते.

अक्षरांचा अर्थ

वस्तुतः डब्यावरील अक्षरे दुर्बोध नाहीत. त्यांचे तीन-चार गट आहेत आणि प्रत्येक गट एका स्वतंत्र प्रश्नाचे उत्तर देतो.

पहिला गट दाटपणाचा. अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने ठरविलेली ही श्रेणी आहे. ‘२०डब्ल्यू-४०’ मधील ‘डब्ल्यू’ हा इंग्रजीतील हिवाळ्याचा निदर्शक. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल कडक थंडीत पातळ राहते. २०डब्ल्यू तेलाची थंड इंजिन फिरविण्याची कसोटी उणे १५ अंश सेल्सिअसला घेतली जाते, १०डब्ल्यूची उणे २५ला आणि ०डब्ल्यूची उणे ३५ला. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातील दाटपणा सांगतो. शंभर अंश तापमानाला ४० क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स, तर ३० क्रमांकाच्या तेलाचा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स या मर्यादेत असावा लागतो. नगरला पौषातील पहाटही कधी उणे अंशांत जात नाही. तेव्हा केवळ थंडीच्या भीतीने ०डब्ल्यू तेल घेण्याचे येथे कारण नाही. मात्र अलीकडच्या अनेक इंजिनांची रचनाच पातळ तेल गृहीत धरून केलेली असते. त्यांच्यातील फटी सूक्ष्म असतात आणि इंधनाची बचत साधण्यासाठी कारखान्याने पातळ तेल नेमून दिलेले असते. अशा इंजिनात ‘आपल्याकडे ऊन फार’ म्हणून जाड तेल घालणे हा शहाणपणा नव्हे.

दुसरा गट कामगिरीचा. ‘एपीआय’ म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. या संस्थेच्या श्रेणीत ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनासाठी आणि ‘सी’ने सुरू होणारी डिझेल इंजिनासाठी असतात. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितकी श्रेणी नवी आणि कसोट्या कठोर. पेट्रोलची ‘एसएन’ श्रेणी २०१० साली, ‘एसपी’ २०२० साली आणि ‘एसक्यू’ मार्च २०२५ मध्ये अमलात आली. डिझेलची ‘सीआय-४’ २००२ सालची, तर ‘सीके-४’ २०१६ च्या अखेरची. ‘एसएफ’ श्रेणीचे तेल १९८८ नंतरच्या बहुतेक पेट्रोल मोटारींना योग्य नाही, असा इशारा खुद्द त्या संस्थेनेच दिलेला आहे. असे असता स्वस्त डब्यांवर आजही कालबाह्य अक्षरे दिसतात, आणि ती छापणारा खोटे बोलत नसतो! तो खरेच सांगत असतो, फक्त ते वाचणारा कोणी नसतो.

तिसरा गट दुचाकीस्वाराने विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच हे तिन्ही एकाच तेलात बुडालेले असतात. मोटारीसाठी केलेल्या तेलात घर्षण कमी करणारी रसायने असतात. ती इंजिनाला मानवतात, परंतु क्लचच्या चकत्या त्यांच्यामुळे सरकू लागतात. म्हणून जपानी वाहन उद्योगाने ‘जासो’ या मानकाखाली ‘एमए’ आणि ‘एमबी’ असे दोन वर्ग केले. ‘एमए’, तसेच त्याचे ‘एमए-१’ व ‘एमए-२’ हे उपवर्ग, तेलात बुडालेल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठी आहेत. ‘एमबी’ हा क्लच निराळा असलेल्या गिअरविरहित स्कूटरसाठी. शेजाऱ्याच्या मोटारीतून उरलेले उंची सिंथेटिक तेल मोटारसायकलीत ओतणारा माणूस काटकसर करीत नाही. तो नव्या क्लचप्लेटांच्या खर्चाची तरतूद करीत असतो.

चौथा गट युरोपीय ‘एसीईए’ मानकांचा आणि मोटार कंपन्यांच्या स्वतःच्या मान्यतांचा. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली. इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्षांशी ५० वरून १० वर आले आणि अनेक डिझेल मोटारींना काजळी अडविणारी गाळणी बसविण्यात आली. राख अधिक सोडणारे तेल वापरले तर ही गाळणी तुंबते, आणि ती बदलण्याचा खर्च मध्यमवर्गीयाला घाम फोडणारा असतो. अशा गाडीत ‘सी’ वर्गाचे, कमी राखेचेच तेल हवे. ते मान्यता पाहूनच घ्यावे लागते, सिंथेटिक हा शब्द पाहून नव्हे.

‘सिंथेटिक’ या शब्दाचे मोल

येथे सिंथेटिक तेलाचा विचार करावयास हवा. कोणतेही इंजिन तेल दोन घटकांचे बनते. एक मूळ तेल, आणि दुसरे त्यात मिसळलेली पूरक रसायने. मूळ तेलाचे एपीआयने पाच गट पाडले आहेत. पहिले तीन गट खनिज तेलापासून काढलेले. त्यांतील तिसरा अतिशय शुद्ध केलेला आणि तापमान बदलले तरी दाटपणा फारसा न बदलणारा. चौथा गट रासायनिक संयोगाने तयार केलेल्या पॉलिअल्फाओलेफिनांचा. उरलेली सारी मूळ तेले, एस्टरे धरून, पाचव्या गटात येतात. एके काळी सिंथेटिक म्हणजे चौथा किंवा पाचवा गट, असाच अर्थ होता. १९९९ साली मोबिल कंपनीने कॅस्ट्रॉलच्या जाहिरातीस आक्षेप घेतला, की तिसऱ्या गटाच्या तेलाला सिंथेटिक म्हणणे गैर आहे. अमेरिकेतील जाहिरातींचे स्वयंनियमन करणाऱ्या ‘नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग डिव्हिजन’ने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून जगातील बहुतेक बाजारपेठांत शब्द तोच राहिला आणि त्यामागील वस्तू मात्र बदलली.

याचा अर्थ तिसऱ्या गटाचे तेल वाईट असते असा मुळीच नाही. उत्तम तिसऱ्या गटापासून उत्कृष्ट इंजिन तेल बनते. मुद्दा एवढाच, की ‘सिंथेटिक’ हा मूलतः कच्च्या मालाविषयीचा शब्द आहे आणि त्याचाही अर्थ सैल झाला आहे. ‘सेमी-सिंथेटिक’ या शब्दाची स्थिती तर त्याहून पातळ. सिंथेटिकचा अंश किती, हे डब्यावर बहुधा लिहिलेले नसते. उलट एपीआयची श्रेणी मूळ तेल कोणते हे विचारतच नाही. ती इंजिनात घेतलेल्या झिजेच्या, गाळाच्या आणि उष्णतेच्या कसोट्यांचा निकाल सांगते. तेव्हा एका डब्यावर ‘सिंथेटिक’ हे ठळक नाव असेल आणि श्रेणीचा पत्ता नसेल, तर ग्राहकाने त्याच्यापेक्षा योग्य श्रेणीचा साधा डबा अधिक विश्वासार्ह मानावा.

मग सिंथेटिकचा उपयोग नाही काय? अवश्य आहे. टर्बो बसविलेल्या लहान पेट्रोल इंजिनांत तापमान आणि दाब फार असतो. त्यांतील अवेळी ज्वलनाचा धोका रोखण्यासाठी २०१८ साली ‘एसएन-प्लस’ ही पुरवणी श्रेणी करावी लागली. अशा इंजिनांना कारखाना जे तेल नेमून देतो, ते जवळजवळ नेहमी सिंथेटिकच असते. प्रश्न आहे तो साध्या, शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलीचा.

तेथे हिशेब मांडून पाहावा. समजा, वर्षाला ९,००० किलोमीटर प्रवास होतो. गृहीत धरू, की साधे तेल ४०० रुपयांचे आहे आणि ते ३,००० किलोमीटरला बदलावे लागते. सिंथेटिक ९०० रुपयांचे आहे आणि ते ६,००० किलोमीटर चालते. साध्या तेलाचा वार्षिक खर्च १,२०० रुपये, सिंथेटिकचा १,३५० रुपये. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडी लिटरला ५० किलोमीटर धरली, तर पेट्रोलचा खर्च १८,९०० रुपये होतो. सिंथेटिकमुळे त्यात एक टक्का बचत झाली असे मानले, तर १८९ रुपये वाचतात आणि दोन्ही बाजू जवळपास समान होतात. परंतु सिंथेटिक घालूनही गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून ते ३,००० किलोमीटरलाच बदलले, तर खर्च २,७०० रुपयांवर जातो. किमती प्रत्येकाने आपल्या दुकानातील घालाव्यात. निष्कर्षाची दिशा बदलणार नाही. सिंथेटिकचा आर्थिक लाभ त्याच्या नावात नसून तेल बदलण्याच्या अंतरात आहे. आणि ते अंतर वाढविण्यास वाहनाच्या पुस्तिकेची अनुमती नसेल, विशेषतः वॉरंटीच्या काळात, तर तो लाभ कागदावरच राहतो. त्यातही जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांतील धुळीचे रस्ते, उसाच्या हंगामातील ट्रॅक्टर-ट्रेलरांमागची रेंगाळणारी वाहतूक आणि गावातल्या गावात होणाऱ्या छोट्या फेऱ्या, यांना पुस्तिकांच्या भाषेत खडतर वापरच म्हणतात. छोट्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही आणि ओलावा व न जळलेले इंधन तेलात साचते. त्यातच पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर पोहोचले आहे. त्यातील काही अंश उसाचा, आणि त्यात या जिल्ह्यातील आसवन्यांचाही वाटा आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवते, हे लक्षात घेता तेल बदलण्यास उशीर करण्याची हौस येथे तरी जपून केलेली बरी.

खड्यांचा तांदूळ आणि भेसळीचे तेल

आतापर्यंतचा सारा विचार एका गृहीतावर उभा आहे. ते गृहीत म्हणजे डब्यावर जे छापले आहे तेच डब्यात आहे. दुर्दैवाने ते नेहमी खरे नसते. नामांकित तेलाचे रिकामे डबे भंगारातून गोळा करून, गाळलेले जुने तेल त्यांत भरून पुन्हा विकण्याचा धंदा देशात नवा नाही.

१९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. विक्रेत्याला वस्तूची प्रत ठाऊक आहे आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारात ग्राहक सरासरी प्रत गृहीत धरून सरासरीच किंमत देऊ करतो. ती किंमत उत्तम माल विकणाऱ्याला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून बाहेर पडतो. मग सरासरी आणखी घसरते आणि अखेर वाईट मालच उरतो. त्याच निबंधात अ‍ॅकरलॉफ यांनी भारतातील गृहिणीचे उदाहरण दिले आहे. बाजारातील तांदळात त्याच रंगाचे व आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि ते तिला निवडत बसावे लागते, असे ते नोंदवितात. तांदूळ निदान निवडता तरी येतो. तेल कसे निवडणार? बोटांत धरून त्याची चिकटाई पाहणे आणि वास घेणे, या मिस्त्रींच्या कसोट्या अनुभवी असल्या तरी त्यांनी पूरक रसायनांचे प्रमाण कळत नाही. गाळलेले तेल नव्यासारखेच सोनेरी दिसू शकते.

या बाजारात सर्वाधिक अन्याय होतो तो प्रामाणिक गॅरेजवाल्यावर. तो अस्सल डबा पूर्ण किमतीत आणतो, ग्राहकासमोर फोडतो, आणि तरीही शेजारच्यापेक्षा शंभर रुपये अधिक घेतो म्हणून लुबाडणारा ठरतो. त्याचे गिऱ्हाईक तुटते ते खोट्या डब्यामुळे. ग्राहकाचे अज्ञान हीच अप्रामाणिक विक्रेत्याची खरी सबसिडी आहे.

शासनाचे आणि समाजाचे काम

कायदे नाहीत असे नव्हे. वंगणांच्या प्रक्रिया व वितरणावर नियंत्रण ठेवण्यासाठी जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली १९८७ साली केंद्राने आदेश काढला. भारतीय मानक ब्युरोची इंजिन तेलासाठी आयएस १३६५६ आणि टू-स्ट्रोक तेलासाठी आयएस १४२३४ ही मानके आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाबद्दल जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. परंतु वजनमापे निरीक्षक डब्यातील तेल एक लिटर भरते की नाही हे पाहतो, ते तेल आहे की आणखी काही हे पाहणे त्याचे काम नव्हे. आणि दुकानाच्या फळीवरील डब्यांवर आयएसआय चिन्हापेक्षा परदेशी संस्थांची अक्षरेच अधिक ठळक दिसतात. त्यांतही एक मेख आहे. एपीआयचे वर्तुळाकार चिन्ह छापण्यास त्या संस्थेचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी कोणालाही पाहता येते. पण ‘एपीआयच्या अमुक श्रेणीस अनुरूप’ एवढे शब्द छापणे हे विक्रेत्याचे स्वतःचेच विधान असते. प्रमाणपत्र आणि आत्मस्तुती यांतील हा फरक बारीक टाइपात दडलेला असतो.

यावर सर्व तेलांना भारतीय मानकाचा परवाना सक्तीचा करावा, अशी सूचना येऊ शकते. तिच्यामागील हेतू योग्य आहे, पण तिचा दुष्परिणामही विचारात घ्यावयास हवा. इंजिनावरील कसोट्या अतिशय खर्चिक असतात. त्यांची सरसकट सक्ती केली, तर लहान प्रामाणिक उत्पादक बंद पडतील आणि बाजार चार बड्या कंपन्यांच्या हाती जाईल. शिवाय रिकाम्या डब्यात तेल भरणारा भामटा कोणताही परवाना मागावयास येत नाही. परवाना-राज्याचा अनुभव घेतलेल्या देशाने ही गोष्ट विसरू नये. म्हणून सक्ती करावयाचीच असेल, तर ती प्रथम माहितीची करावी. मूळ तेलाचा गट, सिंथेटिक अंशाची टक्केवारी आणि श्रेणी परवान्याने मिळाली की स्वतः जाहीर केली, या तीन गोष्टी डब्याच्या दर्शनी भागावर मराठी वा हिंदीत छापणे बंधनकारक व्हावे. त्याने उत्पादकाचा खर्च फारसा वाढत नाही.

दुसरे काम तपासणीचे, आणि त्यासाठी नगरइतके सोयीचे ठिकाण क्वचितच असेल. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास आस्थापना, म्हणजेच व्हीआरडीई, येथेच आहे आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनांना मान्यता देणाऱ्या देशातील मोजक्या चाचणी संस्थांत तिची गणना होते. देशभरातील वाहने ज्या गावात परीक्षेला बसतात, त्याच गावातील ग्राहकाला आपल्या डब्यातील तेल कोणाकडे तपासावे हे ठाऊक नसावे, ही विसंगती खटकणारी आहे. त्या संस्थेवर किरकोळ नमुन्यांचा भार टाकण्याचे कारण नाही. दाटपणा मोजण्याचे रेडवुड व्हिस्कोमीटर आणि ज्वलनांक काढण्याचे उपकरण ही अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांतील नेहमीची साधने आहेत. विद्यार्थी दरवर्षी त्यांवर प्रात्यक्षिके करतात आणि वह्या भरतात. त्याच प्रात्यक्षिकांत बाजारातून आणलेले नमुने घेतले, तर श्रेणीचा निवाडा होणार नाही हे खरे. पण ४० क्रमांकाच्या नावाने पाणचट तेल विकणारा किंवा त्यात रॉकेल-डिझेलचा अंश ठेवणारा निश्चित उघडा पडेल. ग्राहक संघटनांनी या कामी पुढाकार घ्यावा. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हापासून या चळवळीचा वारसा महाराष्ट्रापाशी आहे. धान्य आणि गॅसच्या टाकीपुरते तिने थांबण्याचे कारण नाही.

तिसरे काम जुन्या तेलाचे. गॅरेजात दर आठवड्याला जमा होणारे काळे तेल कोठे जाते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्यातील काही गटारावाटे सीनेच्या पात्रात जाते, काही विटभट्टीत जळते आणि काही गाळून पुन्हा त्याच रिकाम्या डब्यांत येते. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक व आयातदारांवर टाकणारे केंद्राचे नियम लागू झाले आहेत. नगरपालिका आणि महानगरपालिका यांनी गॅरेजांमधून अधिकृत संकलनाची व्यवस्था केली, तर नदी आणि ग्राहक या दोघांचेही संरक्षण एकाच उपायाने साधेल.

ग्राहकाचा क्रम

शासन जे करील ते करील. तोवर ग्राहकाला स्वतःचा क्रम ठरविता येतो. प्रथम वाहनाची पुस्तिका उघडावी आणि तिच्यातील दाटपणाचा क्रमांक, एपीआय वा एसीईए श्रेणी आणि दुचाकी असल्यास जासोचा वर्ग, एवढ्या तीन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवाव्यात. त्याहून जुन्या श्रेणीचे तेल घेऊ नये. पेट्रोल इंजिनासाठी नव्या श्रेणीचे चालते, मात्र दाटपणा आणि क्लचचा वर्ग तोच हवा. डबा सीलबंद आहे, त्यावर निर्मितीचा महिना व तुकडी क्रमांक आहे हे पाहून तो डोळ्यांदेखत फोडून घ्यावा, पावती मागावी आणि रिकामा डबा आपल्या हाताने भोसकून निकामी करावा. सिंथेटिक घ्यावे की नाही, हा प्रश्न या साऱ्यानंतर येतो, आणि त्याचे उत्तर जाहिरातीतून न घेता वरील हिशेबातून काढावे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना विजेवर धावणारी होऊन परत आली. तिला इंजिन तेल लागत नाही, तेव्हा हा प्रश्न काळच सोडवील असे कोणी म्हणेल. पण आज रस्त्यावर असलेली पेट्रोलची वाहने आणखी दहा-पंधरा वर्षे चालावयाची आहेत, आणि विजेच्या गाडीच्या बॅटरीवरही उद्या अशीच अक्षरे व आकडे छापलेले असतील. जिल्ह्यातील शेतकऱ्याने फॅटच्या यंत्राचे आकडे वाचावयास शिकून संकलन केंद्राशी हुज्जत घालण्याचा अधिकार मिळविला. तोच अधिकार दुकानाच्या फळीपुढे उभ्या असलेल्या शिक्षकाने आणि लिपिकाने का सोडून द्यावा? डब्यावरील अक्षरे ग्राहकासाठीच छापलेली असतात. ती त्याने वाचण्यास आरंभ केला, की दुकानदाराला ती खरी ठेवावी लागतील.